अंगणातला रात्रीचा कॅमेरा: दिवा वेगळा काढल्यावर

सोयाबीन घरी यायच्या आत अंगण आणि फाटक रात्री नीट दिसलं पाहिजे, असं पोळ्याच्या सुमारास ठरवलं होतं. पोत्यांची थप्पी ओसरीसमोरच लागते आणि रात्री लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. अंगणाचं काम झालं. फाटकाचं अर्धवट आहे.

मांडणी अशी: जिंतूरकडचं जुनं माळवदाचं घर, समोर अंगण, उजव्या हाताला लिंबाचं झाड, डाव्या हाताला गोठा. कॅमेरा ओसरीच्या खांबावर. लेन्स ४ एमएमची, २.८ची मुद्दाम घेतली नाही. २.८मध्ये सगळं अंगण मावतं, पण माणसाचं तोंड एवढंसं होतं.

आधी विजेचं, कारण कॅमेरा रात्रीच बंद का पडतो, असं मेसेज करून बऱ्याच जणांनी विचारलंय. चुलत्यांच्या घरी आधीच्या वायरमननं टाकलेली चाळीसेक मीटरची बारीक केबल आहे. तात्यांचा फोन आला, ‘‘दिवसा चालतंय अन् रातच्याला मरतंय, काय भानगड हाय?’’ मीटर लावला. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेत होता. अंधार पडून इन्फ्रारेड एलईडी लागल्या की ०.४५. अॅडॉप्टर १२ व्होल्टचा, तारेचा जाऊन-येऊन रोध ७ ओहम धरा. म्हणजे रात्री तीन व्होल्टच्या वर तारेतच जातात आणि कॅमेऱ्यापाशी नऊ व्होल्टही पोचत नाहीत. कॅमेरा बंद पडतो, एलईडी विझतात, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पुन्हा लागतात, आणि हा खेळ पहाटेपर्यंत. तिथं २४ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी बक कन्व्हर्टर (व्होल्टेज परत १२वर उतरवणारं छोटं सर्किट) बसवला. करंट निम्म्यावर आला, तारेत वाया जाणारी वीज पावपट झाली. नवीन केबल टाकायची असेल तर सरळ पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) घ्या. त्यात ४८ व्होल्टच्या आसपास असतात, ही कटकटच राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड कळतो. आपल्या डोळ्यांची धाव ७००च्या जरा पुढं संपते. दिवसा हा जादाचा उजेड रंग बिघडवतो, म्हणून सेन्सरपुढं एक फिल्टर असतो. तिन्हीसांजेला कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो हा फिल्टर बाजूला सरकल्याचा. त्यानंतर ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडीचा उजेड लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही प्रकारच्या पिक्सेलवर जवळपास सारखाच पडतो. रंग ओळखायला काही उरत नाही, आणि चित्र काळंपांढरं येतं.

खोक्यावर ‘३० मीटर’ छापलेलं असतं. मी अंगणात चुन्याच्या रेघा मारून पुतण्याला रात्री त्यांवर उभं केलं. माणूस आहे एवढं लांबूनही कळतं, पण चेहरा ओळखू यायचा तो आठ-नऊ मीटरपर्यंतच. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, त्याला कंपनी तरी काय करणार. मेगापिक्सेल वाढवून हे भागत नाही. पिक्सेल बारीक झाला की त्याच्या वाट्याला उजेडही कमी येतो.

म्हणून कॅमेऱ्यातल्या एलईडी सेटिंगमधून बंद केल्या आणि ८५०चा वेगळा दिवा गोठ्याच्या कोपऱ्यावर, कॅमेऱ्यापासून दोन-अडीच मीटर बाजूला लावला. फरक मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. लेन्सला चिकटून असलेल्या एलईडीपुढं धूळ, पाखरं, कोळ्याचं जाळं सगळं पांढरंफेक होतं, गाडीच्या हेडलाइटमध्ये फुफाटा दिसतो तसं. दिवा बाजूला गेल्यावर जाळं आहे तिथंच आहे, पण ते उजळत नाही. हालचालीचे खोटे अलर्ट जवळजवळ थांबले. काहींच्या कॅमेऱ्यात एलईडी बंद केल्या की नाइट मोडही बंद होतो. तसं असेल तर मोड वेळापत्रकावर टाका.

दिव्याचं तोंड गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीकडं थोडं वळवलं, त्याचाही फायदा झाला. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड थप्पीच्या मागच्या सावलीत पोचतो.

बघायला मिळालेल्या गमती: लिंबाचा पाला रात्री बर्फासारखा पांढरा, कारण हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात. बैलांचे डोळे टॉर्च लावल्यागत. आणि पुतण्याची काळी पॉलिस्टरची ट्रॅकपँट चक्क पांढुरकी आली. ही शेवटची गोष्ट गमतीवारी नेऊ नका. रात्रीच्या फुटेजवरून चौकीत कुणी ‘पांढरी पँट होती’ असं लिहून दिलं, तर ते साफ चूक ठरू शकतं. अंगकाठी, चाल, चपला यांवर बोला. कपड्याच्या रंगावर नको.

फाटकाचं घोडं नंबरप्लेटवर अडलंय. प्लेटचा पत्रा उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतो, त्यामुळं कॅमेऱ्यातल्या एलईडीवर नुसता पांढरा चौकोन दिसतो. शटर १/५०० सेकंद केलं तर अक्षरं उमटतात, पण बाकी सगळं काळं. एकाच कॅमेऱ्याकडून माणूस आणि प्लेट दोन्ही मागणं सोडून दिलंय. फाटकाच्या खांबावर प्लेटसाठी वेगळा, अरुंद लेन्सचा कॅमेरा बसवणार.

तिथं दिवा ९४०चा लावून बघायचा आहे. ८५०ची एलईडी अंधारात लालसर निखाऱ्यासारखी दिसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला कॅमेरा कुठं आहे ते कळतं. ९४० अजिबात दिसत नाही. पण तिथं सेन्सरची नजरही मंद होते, म्हणजे पल्ला घटणार. दिवा चालू आहे का हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून कळेल, टीव्हीच्या रिमोटचं कळतं तसंच. फाटकापासून रस्ता सहा मीटरवर आहे, तेवढं निभेल असं वाटतं. कॅमेऱ्याचा कोन समोरच्यांच्या ओट्यावर जाणार नाही इतका खाली ठेवतोय. त्यांना विचारून झालंय. कुणी ९४०वर एवढ्या अंतरातून प्लेट वाचली असेल तर शटर आणि गेनचे (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा त्या सेटिंगचे) आकडे कळवा, खांब रोवायच्या आधी कामी येतील.