आधी कुबड्या, मग मी

पाऊस लागला की सांगलीत पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी आमच्या घरी माडीवर अडकले होते.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा लोखंडी आधार, आणि दोन कुबड्या. बाहेरच्या जिन्याला बोट लागली, दोन पोरांनी काखेत हात घालून मला उचललं आणि बोटीत ठेवलं. जिवावर उदार होऊन आलेली भली पोरं. पण कुबड्या वरच राहिल्या. मी ओरडले तर म्हणाले, "मावशी, सामान नंतर आणू." अहो, ते माझे पाय आहेत! कठड्याला टेकवलेल्या त्या कुबड्या लांब जाताना अजून दिसतात मला. पुढचे पाच दिवस एका शाळेच्या वर्गात काढले. संडासला जायचं तर कुणीतरी उचलून न्यायचं, म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं.

नंतर पूर-बचावाचं प्रात्यक्षिक होतं, तिथं मुद्दाम गेले. मला मंडपात खुर्ची दिली, चहा दिला. "तुम्ही बसा, आम्ही करतो." मी म्हटलं, बसत नाही, मला उचलून दाखवा. जन्मभर कुबड्यांवर झिजलेले खांदे आहेत हे, काखेतून ओढलं की कळ मस्तकात जाते. दोघांनी एकमेकांची मनगटं घट्ट धरली की बसायला पाट तयार होतो, मी दोघांच्या गळ्यात हात टाकते. कॅलिपर आधी काढायचं, कारण लोखंडाच्या वजनानं माणूस पाण्यात खाली जातो. पण ते आणि कुबड्या माझ्याआधी बोटीत. तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा एक पोरगा आपणहून ओरडला, "आधी कुबड्या घ्या रे!"

आमच्या मागच्या गल्लीत एक कर्णबधिर जोडपं राहतं. रिक्षावरचा भोंगा त्यांना ऐकू येत नाही, आणि लाइट गेली की खुणाही दिसत नाहीत. टॉर्च समोरच्याच्या डोळ्यांवर मारायची नाही, आपल्या हातांवर आणि चेहऱ्यावर धरायची, हे त्या बाईंनीच मला शिकवलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं दिव्यांगांची नोंद ठेवायची असते, धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची असते. आपलं नाव तिथं आहे का, जाऊन विचारा. मी मे महिन्यातच जाते. नावापुढं "माडीवर राहतात, कुबड्या, कॅलिपर" एवढं लिहिलेलं स्वतः वाचते, मगच उठते.