यंदाच्या ड्रॉचा हिशोब: पॉइंट साठवायचे की लॉटरीत उतरायचं

अमेरिकेत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीचा परवाना, म्हणजे टॅग, बऱ्याच ठिकाणी ड्रॉने मिळतो, आणि काही राज्यांत टॅग न लागलेल्याला पॉइंट मिळतो, ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. कोलोरॅडोचे रिझल्ट लागले, त्यामुळे यंदाचा सगळा हिशोब एकदाच मांडतोय. एल्कला (मोठ्या हरणाची एक जात) पहिल्या चॉईसमध्ये नुसता पॉइंटचा कोड टाकला होता, ई-पी-९९९-९९-पी, आणि दुसऱ्या चॉईसला फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूचा काऊ (मादीचा) टॅग, तो लागला, म्हणजे पॉइंटही वाढला आणि फ्रीझर भरायची सोयही झाली. नवीन मंडळींसाठी सांगतो, कोलोरॅडोत पहिला चॉईस लागला तरच पॉइंट खर्च होतात, दुसरा-तिसरा-चौथा लागला तर ते शाबूत राहतात, त्यामुळे दरवर्षी शिकारीला जात जात पॉइंट साठवता येतात आणि या राज्याची हीच गोष्ट मला सगळ्यात आवडते. मूसला (हरणांतली सगळ्यात मोठी जात) तिसरा पॉइंट झाला. न्यू मेक्सिकोत काहीच नाही. वायोमिंगचा एल्कही नाही लागला, तिथे जुलै ते ऑक्टोबर पॉइंट विकत घ्यायची खिडकी उघडी असते, तेव्हा घेईन, नॉन-रेसिडेंटला एल्कच्या एका पॉइंटचे ५२ डॉलर पडतात.

आता मुद्द्याचं. पॉइंट बरे की सरळ रँडम ड्रॉ बरा, यावर कॅम्पमध्ये रात्र रात्र बोलणं होतं आणि इतकी वर्षं दोन्हीकडे अर्ज टाकून माझं मत पक्कं झालंय. भारतातून इथे आलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी हे दोन्ही प्रकार अंगावर काढलेत, एच-वन व्हिसा म्हणजे लॉटरी आणि ग्रीन कार्ड म्हणजे रांग. लॉटरीत यंदा नाही तर पुढच्या वर्षी नशीब उघडू शकतं, रांगेत मात्र आपला नंबर कधी ना कधी येणार हा भरवसा असतो, आणि माझा सगळा वाद त्या भरवशाशीच आहे.

सीपीडब्ल्यू (कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, राज्याचं वन्यजीव खातं) दरवर्षी ड्रॉ रिकॅप रिपोर्ट काढते, तो मोठा पीडीएफ उघडून एकदा ई-एम-२०१-ओ१-आर हा कोड शोधा. ई म्हणजे एल्क, एम म्हणजे नर, २०१ हे वायव्य कोपऱ्यातल्या मोफॅट काउंटीतलं युनिट, म्हणजे शिकारीचा ठरवून दिलेला भाग, ओ१ म्हणजे पहिला सीझन, आर म्हणजे रायफल. डावीकडे पॉइंट, पुढे त्या पॉइंटचे किती जण अर्जात होते आणि किती जणांना टॅग मिळाला. २०१, २ आणि १० ही तिन्ही युनिटं वीसहून जास्त पॉइंटवाल्यांची आहेत. पण मी लोकांना सांगतो की टॅग मिळालेल्यांचा आकडा नंतर बघा, आधी त्याच्या खालच्या ओळी वाचा, तिथे किती माणसं उभी आहेत ते बघा. समजा वर्षाला २० टॅग आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीवर २०० जण आहेत, म्हणजे ती एकच पायरी रिकामी व्हायला दहा वर्षं, आणि या दहा वर्षांत खालचे सगळे दहा पायऱ्या वर चढलेले. तुम्हीही दहा चढलात, पण तुमच्या पुढची फक्त ती एकच पायरी कमी झाली. यालाच पॉइंट क्रीप म्हणतात, आणि यात कोणी लबाडी केलेली नाही, टॅग कमी आणि माणसं जास्त असली की रांगेचं असंच होणार.

त्यात निसर्ग. २०२२-२३ चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोत भयंकर गेला, बर्फ इतकं की कळपांना खायला काही मिळेना, खूप एल्क आणि हरणं मेली आणि २०२३ मध्ये तिकडचे टॅग बरेच कापले. कापायलाच हवे होते, त्यात शंकाच नाही. पण टॅग कापले म्हणून रांगेतली माणसं कमी होत नाहीत, ती तशीच उभी राहतात आणि मागून नवीन येतात. माझ्या हंटिंग पार्टनरचे वडील २०१ साठी कित्येक वर्षांपासून पॉइंट जमवतायत, आता सत्तरी उलटली, अजून डोंगर चढतात, आणि दरवर्षी टॅग लागायची रेषा त्यांच्या एक-दोन पॉइंट पुढेच. त्यांच्याशी बोललं की मला उद्या सगळं रँडम करा असं म्हणवत नाही. त्या माणसाने नियम पाळून इतकी वर्षं पैसे भरलेत, एका सहीने ते सगळं पुसणं अन्यायच आहे.

पण दुसरी बाजू आपली आहे. आपण मंडळी इथे येतो पंचविशीत-तिशीत, नोकरी, मुलं, घर यातून हंटर एज्युकेशनचा कोर्स होईपर्यंत चाळिशी (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा नंतर जन्मलेल्यांना सहसा हा कोर्स लागतो), आणि तेव्हा पॉइंट शून्य. बाराव्या वर्षापासून अर्ज करणाऱ्या इथल्या मुलाला आपण शुद्ध रांगेत कधीच गाठू शकत नाही. आणि ही मुलंसुद्धा आता तक्रार करतात, कारण आज बारा वर्षांच्या असलेल्या मुलीला २०१ चा बुल (नराचा) टॅग कधी मिळेल हे रिकॅप बघून प्रामाणिकपणे कोणीच सांगू शकत नाही.

न्यू मेक्सिकोत पॉइंट ही भानगडच नाही. ८४% टॅग रेसिडेंटना, १०% आउटफिटरबरोबर (शिकारीचा धंदेवाईक गाइड) येणाऱ्यांना, ६% एकट्याने येणाऱ्या नॉन-रेसिडेंटना, आणि सगळं रँडम. अर्ज करतानाच टॅगची पूर्ण फी कापतात आणि नाही लागला तर परत देतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये क्रेडिट कार्डवर मोठा आकडा अडकून राहतो, पण यामुळेच उगाच टाकून बघू वाले कमी होतात असं मला वाटतं. पहिल्यांदा अर्ज करणारा आणि तीस वर्षं अर्ज करणारा तिथे एकाच लायनीत. आयडाहोच्या कंट्रोल्ड हंटलाही (मोजके टॅग, तेही ड्रॉने) पॉइंट नाहीत, शिवाय मूस, रानटी शीप किंवा गोटला अर्ज केला तर त्या वर्षी एल्क-डिअरच्या कंट्रोल्ड हंटवर पाणी सोडावं लागतं, त्यामुळे गर्दी आपोआप वाटली जाते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

नेवाडात पॉइंटचा वर्ग करतात आणि एक मिळवतात, म्हणजे १० पॉइंटवाल्याचे १०१ चान्स आणि ३ वाल्याचे १०. जुन्या माणसाला भक्कम फायदा, नवीन माणसाला दार किलकिलं. ॲरिझोना २०% पर्यंत टॅग सगळ्यात जास्त बोनस पॉइंटवाल्यांना (लॉटरीतला चान्स वाढवणारे पॉइंट) देतं आणि मग रँडम नंबर. वायोमिंग नॉन-रेसिडेंटना ७५% टॅग पॉइंटने आणि २५% रँडम देतं, ऑरेगॉनही ७५-२५.

राज्यं पॉइंट सोडत का नाहीत यामागे पैसाही आहे, आणि त्याला मी वाईट म्हणणार नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला राज्यांमध्ये वाटला जातो, त्या वाटणीत राज्याचं क्षेत्रफळ धरतात तसे लायसन्स घेणारे किती हेही धरतात. कोलोरॅडोत नुसता पॉइंट घ्यायला पण आधी क्वालिफायिंग लायसन्स, म्हणजे शिकारीचं दुसरं एखादं लायसन्स, काढावं लागतं. म्हणजे रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस दरवर्षी मोजला जातो, आणि ज्या एल्कसाठी आपण एवढं धडपडतो त्यांच्या कुरणांवर तो पैसा जातो. चांगलंच आहे. फक्त पॉइंट विकताना त्या माणसाला स्पष्ट सांगा की हे युनिट तुमच्या हयातीत मिळायचा संभव नाही, एवढंच माझं मागणं आहे.

कोलोरॅडोत सध्या फार मागणीच्या कोडमध्ये २०% पर्यंत टॅग हायब्रिड ड्रॉने, म्हणजे रँडम, जातात, पण त्यासाठी किमान ५ पॉइंट असावे लागतात आणि तो कोड पहिला चॉईस हवा. २०२८ पासून मोठा बदल, निम्मे टॅग प्रेफरन्स पॉइंटने, म्हणजे रांगेने, आणि निम्मे बोनस ड्रॉने, म्हणजे पॉइंटने चान्स वाढणाऱ्या लॉटरीने. मी या बदलाच्या बाजूने आहे, मनापासून, आणि त्यात माझं थोडं नुकसान आहे हे माहीत असून. कारण बघा, नैऋत्येच्या सॅन हुआन डोंगरांमधल्या एका युनिटच्या रेषेपर्यंत माझे पॉइंट आता जवळजवळ पोचलेत. २०२८ ला प्रेफरन्सच्या वाट्याचे टॅग निम्मे झाले की ती रेषा वर सरकणार, आणि माझ्यासारखे मधल्या पायरीवरचे लोक रेषेच्या खाली जाणार. ज्यांचे पॉइंट एक-दोन आहेत त्यांना फायदाच, त्यांच्याकडे आधी काहीच नव्हतं. सगळ्यात वरच्यांना निम्मे टॅग उरतात, म्हणजे पार्टनरच्या वडिलांची वाट अजून लांबणार, पण बोनसच्या निम्म्यात त्यांचे पॉइंट जड असतील. पंधरा-वीस पॉइंटच्या मध्ये अडकलेल्यांनी मात्र आत्ता बसून आकडेमोड करावी, तुम्हाला खरंच २०१ हवं आहे की एक चांगली बुल हंट हवी आहे?

मूसचं गणित वेगळं. तीन प्रेफरन्स पॉइंट होईपर्यंत तुम्ही ड्रॉमध्ये नसताच, नंतर चान्स वाढवणारे वेटेड पॉइंट जमतात, तुमच्या अर्जाला एक रँडम आकडा येतो, त्याला वेटेड पॉइंट अधिक एकने भागतात आणि ज्याचा आकडा सगळ्यात लहान त्याला टॅग. म्हणजे पुढच्या वर्षी माझा अर्ज पहिल्यांदा खरोखर ड्रॉमध्ये जाईल. कोलोरॅडोत मूस १९७८-७९ मध्ये उत्तरेच्या नॉर्थ पार्क खोऱ्यात युटा आणि वायोमिंगमधून आणून सोडले, आज डोंगरांत बऱ्याच ठिकाणी दिसतात, आणि बुल टॅग जन्मात एकदाच भरता येतो, म्हणजे नर मूस एकदाच मारता येतो.

व्हिसावर असताना बंदूक ठेवता येते का, असं एच-वनवाल्यांनी विचारलं होतं म्हणून: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. त्यामुळे लायसन्सची मुदत संपू देऊ नका आणि खरेदीआधी आपल्या वकिलाला विचारा.

काऊच्या तयारीत गेम बॅग (मांस भरायच्या पिशव्या) धुऊन ठेवल्यात, रायफल २०० यार्डांवर पुन्हा झिरो करायची आहे, म्हणजे नेम जुळवायचा आहे. मागच्या काऊला मांडीचं मांस हाडावरून सोडवताना आचळाचा तुकडा मांसाला तसाच जोडलेला ठेवला होता, कायद्याला मादीचा तो पुरावा लागतो, आणि थंडीत बोटं बधिर झाली की पहिला कापला जातो तोच भाग, तेव्हा सुरी चालवण्याआधी ती जागा बघून ठेवा. ऑगस्टमध्ये लेफ्टओव्हर (उरलेल्या टॅगची) यादी आली की प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या डोचा (मादीचा) एखादा टॅग बघणार. एल्कचे पॉइंट मात्र आता साठवणार नाही, २०२७ च्या एप्रिलमध्ये सॅन हुआनचं ते युनिट पहिल्या चॉईसला टाकून सगळे जाळणार आणि २०२८ ला शून्यावरून बोनस ड्रॉमध्ये उतरणार.