डोळे मिटून खेळायचा दिव्यांचा खेळ

गणेश चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून सायमन, म्हणजे दिव्यांचा आणि सुरांचा एक जुना खेळ, खाली आला. गोव्यात बांदोड्याच्या आमच्या घरात हा 1983 पासून आहे. धाकटे काका बोटीवर होते, त्यांनी आणला. जेवणाच्या ताटाएवढी काळी गोल तबकडी, तिच्यावर चार रंगांची चार मोठी बटणं: वर डावीकडे हिरवं, उजवीकडे लाल, खाली डावीकडे पिवळं, उजवीकडे निळं. बाबांनी सेल काढून, मऊ कपड्यात गुंडाळून ठेवला होता, त्यामुळे आतल्या पट्ट्यांना गंज नाही. टॉर्चचे दोन मोठे सेल आणि एक 9 व्होल्टची बॅटरी घातली आणि एवढ्या वर्षांनी तो पुन्हा बोलू लागला.

भाच्याने विचारलं, कसा खेळायचा. त्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

स्टार्ट दाबलं की एक रंग पेटतो आणि त्याचा सूर वाजतो. आपण तेच बटण दाबायचं. मग यंत्र तो सूर परत वाजवतं आणि पुढे एक नवा जोडतं. आपण दोन्ही त्याच क्रमाने दाबायचे. मग तीन, मग चार. बटण चुकलं किंवा पाचेक सेकंद हात थांबला, की एक कर्कश भर्रर्र येतो आणि डाव संपतो. काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत: पहिलीला 8 सूर, दुसरीला 14, तिसरीला 20 आणि चौथीला 31. 'लास्ट' दाबलं तर सुरांची शेवटची माळ पुन्हा ऐकू येते आणि 'लॉन्गेस्ट' दाबलं तर यंत्र चालू केल्यापासूनची सगळ्यात लांब माळ. दुसऱ्या प्रकारच्या खेळात नवा सूर यंत्राऐवजी खेळणाऱ्याने जोडायचा असतो. तिसऱ्यात प्रत्येकाने आपापला रंग वाटून घ्यायचा, चुकला तो बाद. आम्हा भावंडांची खरी भांडणं या तिसऱ्यावरच व्हायची.

आता मुद्द्याचं. आमच्या घरात या खेळात बाबांना कोणी हरवू शकलं नाही, आणि बाबांना लाल आणि हिरवा यातला फरक कळत नाही. एप्रिलमध्ये बागेत काजूची लाल बोंडं पानाआड असली तर त्यांना दिसत नाहीत, आई पुढे जाऊन हाताने दाखवायची. आम्ही मुलं "लाल, लाल, हिरवा, निळा" असं पुटपुटत पाठ करायचो आणि नवव्या-दहाव्याला घसरायचो. बाबा सोप्यावर भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ऐकायचे. मग डोळे उघडायचे आणि गाऊन दाबायचे. सा, सा, ग, खालचा प, सा.

त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की यातले चार सूर म्हणजे मंद्र पंचम, षड्ज, गंधार आणि वरचा पंचम, म्हणजे खालचा प, सा, ग आणि वरचा प. कसेही उलटसुलट वाजवा, कानाला खुपत नाहीत. हे का, ते मला फार उशिरा वाचनात मिळालं. राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन या दोघांनी हा खेळ रचला आणि मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1978 मध्ये बाजारात आणला. अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचा 'टच मी' नावाचा असाच एक खेळ त्यांनी आधी पाहिला होता. कल्पना आवडली, आवाज मात्र बेसूर वाटले. म्हणून बेअरनी मुलांचा ज्ञानकोश चाळून चार सुरांत भागणारं वाद्य शोधलं. ते निघालं बिगुल. बिगुलाचे सूर कुठल्याही क्रमाने लावले तरी गोडच लागतात. भजनाला पेटी धरणाऱ्या माझ्या बाबांच्या कानाला ते लगेच जवळचे वाटले, यात मला आता नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट तालाची. बाबा माळ चार-चार सुरांत तोडायचे, सोळा मात्रांच्या तीनतालातल्या चार विभागांसारखी. यात एक सुंदर योग आहे. पाच सूर झाले की यंत्र वेग वाढवतं आणि तेरानंतर आणखी वाढवतं. तीनतालात समेनंतरच्या, म्हणजे पहिल्या मात्रेनंतरच्या, टाळ्या नेमक्या पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. "टाळी पडली की लय चढणार," बाबा सांगायचे, "तेव्हा आधीच तयार राहा." आम्ही मुलं वेग वाढला की दचकायचो, आणि दचकलं की बोट चुकतंच. टाळी मोजायला लागल्यापासून माझं दचकणं थांबलं आणि मी पहिल्यांदा वीसपर्यंत पोचले. माझ्या मते या खेळातली सगळी मेख एवढीच आहे. रंग पाठ करू नका, चाल गा. चाल आपोआप पुढचा सूर हातात आणून देते. आरतीचं तिसरं कडवं मधूनच विचारलं तर आठवत नाही, पहिल्यापासून म्हटलं की येतं, तसंच.

एकच सावधगिरी सांगते: यंत्राची माळ पुरी व्हायच्या आत बोट बटणावर टेकवू नका. बोट लवकर गेलं की कान बंद होतो.

काल रात्री पाऊस आला आणि लाईट गेली. भाचा सायमन घेऊन सोप्यावर बसला. अंधारात भिंतीवर आणि माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायच्या चौकटीसाठी, आणून ठेवलेल्या सुपाऱ्यांच्या घडावर एकेक रंग पेटून विझत होता. आठवर तो दोनदा चुकला. बाबा आता 81 वर्षांचे आहेत, खुर्चीतूनच म्हणाले, "दोळे धांप आनी आयक." त्याने डोळे मिटले. पाचव्याला बाबांचा हात मांडीवर पडला, तेराव्याला परत पडला, आणि चौदावा सूर बरोबर लागला. दुसरी पायरी पार.

पोराने लॉन्गेस्ट दाबलं. यंत्र चौदाही सूर वाजवत गेलं आणि बाबा प्रत्येकाबरोबर सरगम म्हणत गेले.