व्हेडर पळत नाही

शुक्रवार, रात्र

'स्टार वॉर्स: द फोर्स अनलीश्ड' शेवटी सुरू केला. गेम २००८ चा, लुकासआर्ट्सचा. संगणकावर तो २००९ मध्ये आला, त्यामुळे माझ्या रडतखडत चालणाऱ्या लॅपटॉपलाही झेपतो. सेलमध्ये कवडीमोलाने घेऊन ठेवला होता आणि विसरलो होतो. पहिल्याच लेव्हलला डार्थ व्हेडर, म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमांतला काळ्या मुखवट्याचा खलनायक, हातात देतात एवढं ऐकून होतो.

एरवी कुठलाही गेम नवख्या माणसाला आधी गंजकी तलवार देतो आणि उंदीर मारायला लावतो. ताकद पुढे, हळूहळू, घाम गाळल्यावर. इथे पहिल्या मिनिटापासून सगळं तयार. काळा झगा, लाइटसेबर म्हणजे प्रकाशाची लाल तलवार, मागे पांढऱ्या चिलखतातले शिपाई. ग्रह कशीक, म्हणजे वुकींचा मुलूख. अंगभर केस असलेली ही धिप्पाड जमात झाडांत गावं वसवून राहते. केन्टो मारेक नावाचा एक जेडाय, म्हणजे फोर्स या अदृश्य शक्तीच्या जोरावर लढणारा योद्धा, त्यांच्यात लपला आहे आणि त्याचा निकाल लावायला स्वारी आली आहे.

वुकी अंगावर धावून येतात. एक बटण दाबून धरलं की त्यातला एक हवेत. तसाच दरीवर नेऊन बटण सोडलं की गेला. दुसऱ्या बटणाने नुसता हात पुढे होतो आणि लाकडी फाटक आधी वाकतं, मग करकरतं, मग फळ्या सुटून उडतात. हेल्थची पट्टी कोपऱ्यात असते, पण तिच्याकडे बघायची वेळ माझ्यावर आली नाही.

बारा वाजले. उद्या सुट्टी आहे म्हणून ठीक.

शनिवार

भाचा आला. आज राहणार आहे. बॅग टाकली आणि थेट शेजारी येऊन बसला.

"मामा, पळ ना! पळत का नाहीस तू?"

"पळताच येत नाही."

"हँग झालाय का?"

हँग झालेला नव्हता. व्हेडर पळतच नाही. गोळ्या येऊ देत, झाड कोसळू दे, तो आपला चालतो. मी काल बराच वेळ शिफ्टपासून कंट्रोलपर्यंत सगळी बटणं दाबून पाहिली होती. आज भाच्याने त्याच्या परीने सगळी दाबून पाहिली. मग तो कंटाळून म्हणाला, "असा कसा रे हा पॉवरफुल? याला तर पळताही येत नाही."

मला मात्र तेच आवडलं होतं, आणि का आवडलं ते रात्री झोप येईना तेव्हा नीट लक्षात आलं. आठवडाभर मी पळतच असतो. डोंबिवलीची फास्ट पकडायला पळ, उतरताना गर्दीच्या आधी जिन्याकडे पळ, मीटिंगला पळ, घरी येताना परत तेच. हातात घेतलेल्या गेमच्या नायकालाही पळवतच असतो, कारण नायकाला नेहमी कुठेतरी वेळेत पोचायचं असतं. बॉम्ब फुटणार असतो, कोणीतरी मरणार असतं. खलनायकाला कसली घाई? तो पोचेल तीच वेळ. आपल्या सिनेमातही निळूभाऊंचा पाटील धावत कुठे गेलेला मला तरी आठवत नाही. धोतराचा सोगा धरून सावकाश यायचा, आणि तो येतोय म्हटल्यावर पळायचे ते बाकीचे.

ज्या कोणी व्हेडरला पळायचं बटण दिलं नाही, त्याला मी मनातल्या मनात दाद दिली. ताकद दाखवण्यासाठी एखादी गोष्ट काढून घ्यावी हे सुचायला डोकं लागतं. हेडन ब्लॅकमन या माणसाच्या हाताखाली हा गेम झाला, आणि त्याच्या लेखनाला अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डचा पुरस्कारही मिळाला. पुरस्कार गोष्टीसाठी मिळाला असेल. मी या चालीसाठीही दिला असता.

भाच्याने दुपारी एक शोध लावला. वुकी सोडून त्याने आपल्याच शिपायाला उचललं. शिपाई वर गेला, हातपाय झाडायला लागला, आणि जाता जाता त्याने दुसऱ्याला घट्ट पकडलं. दोघेही वर! भाचा हसून हसून लोळला. मग तोच खेळ. कोणी खांबाला धरतोय, कोणी खोक्याला. हाताची पकड सुटत जाते ती बोटागणिक सुटतेय असं वाटतं.

हे आधी चित्रित करून ठेवलेलं नाही. युफोरिया नावाची एक प्रणाली यात आहे, नॅचरलमोशन कंपनीची. शिपायाच्या शरीराला ती आतून स्नायूंसारखं चालवते, आणि पडायला लागलं की हाताला येईल ते धरायचं, हे त्याला तिथल्या तिथे ठरवू देते. लाकूड लाकडासारखं मोडतं आणि काच काचेसारखी फुटते, ते डिजिटल मॉलिक्युलर मॅटर नावाच्या दुसऱ्या प्रणालीमुळे. दगडधोंड्यांचं गडगडणं हॅवोक नावाच्या तिसरीकडे. २००८ मध्ये तिन्ही एकत्र चालवायची म्हणजे यंत्राचा जीव काढणं होतं. निन्टेन्डोच्या 'वी' या गेमयंत्रासाठी वेगळाच गेम करावा लागला, त्यात युफोरियाही नाही आणि ते लाकूडही नाही.

म्हणजे एवढी सगळी बुद्धी खर्च झाली ती व्हेडरवर नाही, त्याच्यासमोरच्या क्षुल्लक शिपायावर. तो खराखुरा घाबरला, जीव मुठीत धरून खांबाला लटकला, तरच माझ्या बटणाला वजन येतं. पुठ्ठ्याचा शिपाई उचलून काय मिळणार होतं? आणि एक गोष्ट, आपल्याच माणसांना दरीत टाकलं तरी गेम अडवत नाही. व्हेडरला हिशेब विचारणार कोण?

लेव्हलच्या शेवटी गोष्ट अजून एक पायरी खाली उतरते. जेडाय हरतो. शेवटचा वार करायला उगारलेला लाइटसेबर व्हेडरच्या हातातून अचानक हिसकला जातो, आणि बघतो तर एक लहान पोरगं उभं. जेडायचा मुलगा. त्याच्यातही फोर्स आहे. तेवढ्यात अधिकारी आणि शिपाई येऊन पोचतात, आणि व्हेडर त्या सगळ्यांना कापून काढतो, कारण हे पोरगं बादशहापासून, म्हणजे व्हेडरच्याही धन्यापासून, लपवून वाढवायचं आहे आणि साक्षीदार नको आहेत. दुपारी ज्यांना हवेत नाचवून आम्ही हसत होतो तेच हे शिपाई. भाचा या वेळी हसला नाही. "ते तर त्याच्याच बाजूने होते ना?" एवढंच विचारलं, आणि वडापाव कधी आणायचा ते विचारलं.

रविवार

आता व्हेडर गेला. इथून पुढे ते पोरगं मोठं होऊन व्हेडरचा गुप्त चेला झालेलं, टोपणनाव स्टारकिलर. हा पळतो, उडतो, विजा फेकतो. पहिल्या कामगिरीचा हुकूमही घराण्याला साजेसा: जनरल कोटा नावाच्या जेडायला मार आणि वाटेत दिसेल त्याला मार, शिपाई आपले असले तरी.

कागदावर हा चेला गुरूपेक्षा भारी आहे. रॅक्सस प्राइम या ग्रहावर तर आकाशातलं अख्खं स्टार डिस्ट्रॉयर जहाज दोन्ही हातांनी ओढून खाली पाडतो. ऐकायला प्रचंड. प्रत्यक्षात मी अमुक दिशा, तमुक दिशा असं बटण दाबत होतो, मधेच लहान विमानं येऊन गोळ्या मारत होती, त्यांना पाडेपर्यंत जहाजाची दिशा चुकत होती, की पुन्हा पहिल्यापासून. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. भाचा नऊ वाजता कंटाळून आजीकडे सिरियल बघायला गेला, यावरून काय ते समजावं.

मोठ्यातली मोठी गोष्ट पाडली आणि मनगट दुखलं, एवढंच हाती लागलं. कशीकवर एका फाटकाने यापेक्षा जास्त दिलं होतं.

मंगळवार

ऑफिसातून येताना गाडीत वाचत होतो. या गेममधला व्हेडरचा आवाज मॅट स्लोन या नटाचा. हा माणूस प्रसिद्ध झाला तो 'चॅड व्हेडर' या इंटरनेटवरच्या विनोदी मालिकेमुळे. २००६ मध्ये सुरू झाली ती. व्हेडरचा धाकटा भाऊ किराणा सुपरमार्केटमध्ये डे शिफ्टचा मॅनेजर आहे, तोच मुखवटा, तोच घुमणारा आवाज, आणि त्या आवाजात कॅशियरला सूचना. मालिका व्हेडरची टर उडवणारी. ती करता करता आवाज इतका हुबेहूब बसला की खऱ्या व्हेडरचं काम याच्याकडे आलं. डब्यात माझ्यापुढे उभा असलेला माणूस फोनवर हाताखालच्या कोणाला तरी झाडत होता, "उद्या सकाळी मला टेबलावर पाहिजे". त्याला मुखवटा घालून बघितला मनात. शोभला असता.

तो प्रसिद्ध श्वासही मुळात साधाच. सिनेमाचे ध्वनिकार बेन बर्ट यांनी पाण्याखाली जाणाऱ्या डायव्हरच्या श्वसनयंत्रातून स्वतः श्वास घेऊन तो ध्वनिमुद्रित केला होता.

मग २०१७ चं प्रकरण वाचलं. 'बॅटलफ्रंट २' नावाच्या दुसऱ्या एका स्टार वॉर्स गेममध्ये व्हेडर होता, पण कुलपात. तो मिळवायला ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, लागणार होते. खेळणाऱ्यांनी हिशेब मांडला की एवढे जमवायला साधारण ४० तास शिपाईगिरी करावी लागेल. म्हणजे आठवड्याची नोकरी. लोक भडकले, कंपनीने रेडिटवर खुलासा केला की मेहनतीने मिळवलं तर अभिमान वाटेल, आणि त्या खुलाशाला त्या संकेतस्थळाच्या इतिहासात कोणाला मिळाली नव्हती इतकी नापसंती मिळाली. मग भाव ७५ टक्क्यांनी उतरवून १५,००० वर आणला.

मला हा भाव महाग की स्वस्त यापेक्षा एकूण व्यवहारच चमत्कारिक वाटला. ज्याला कोणी काही विचारू शकत नाही असा माणूस व्हायचं, आणि त्यासाठी आधी ४० तास हजेरी लावायची. तेवढा वेळ हजेरी लावून माणूस जे होतो ते मी आहेच की.

शनिवार

भाचा परत आला आणि आल्या आल्या, "संपवलास का?" संपवला नव्हता, त्याच्यासाठी ठेवला होता.

शेवट डेथ स्टार या बादशहाच्या अवकाशतळावर. गेम सरळ निवड पुढ्यात टाकतो: बादशहाशी लढायचं की व्हेडरशी. बादशहाशी लढलास तर तू सज्जन. व्हेडरला मारून त्याची जागा घ्यायची असेल तर दुसरीकडे वळ. भाच्याला निवड सोपी वाटली. "व्हेडरला मार. मग आपणच व्हेडर!" मलाही मोह होताच.

मारला. आणि मग बादशहाने चेल्यावर अख्खं जहाज आदळलं. शुद्ध आली तेव्हा चेला टेबलावर, मोडलेल्या शरीरावर यंत्रं ठोकणं चालू, आणि बादशहा शांतपणे सांगतोय की दुसरा कोणी बरा मिळेपर्यंत तू माझी चाकरी करायचीस. खलनायकाची जागा मिळाली. तिच्यासोबत साहेबही मिळाला.

"ही चीटिंग आहे," भाचा म्हणाला. मला ती या गेममधली सगळ्यात खरी गोष्ट वाटली, पण दहा वर्षांच्या मुलाला ते कसं सांगणार.

माझ्याकडची आवृत्ती अल्टिमेट सिथ एडिशन आहे, त्यामुळे आणखी तीन लेव्हल आहेत, त्यातल्या दोन याच शेवटापुढच्या. या दोनपैकी एकीत ताटुईन ग्रहावर जाऊन ओबी-वान केनोबी या सज्जन जेडायला मारायचं आहे. भाच्याने साफ नकार दिला. ओबी-वान त्याचा लाडका, त्याच्या दप्तरावर स्टिकर आहे. मी म्हटलं, अरे पण मागच्या शनिवारी एवढे वुकी दरीत टाकलेस तेव्हा? "त्यांची नावं माहीत नव्हती ना मामा," म्हणाला. लॅपटॉप त्याने स्वतःच मिटवला. मी ती लेव्हल सोमवारी, तो घरी गेला की, एकटाच खेळणार आहे. त्याला सांगायचं नाही असं ठरवलंय.