कवडसा आणि कॅमेऱ्याचं मीटर

ग्वाल्हेरमध्ये कॅमेरा शिकायला कुठे जावं असं कुणी विचारलं, तर मी किल्ला सांगत नाही. हजिऱ्याला जा म्हणते, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यात. तिथे बहुतेक लोक तानसेनाच्या समाधीसाठी येतात आणि शेजारची ही सोळाव्या शतकातली भव्य इमारत बाहेरूनच पाहून परततात. पण खरी गंमत आत आहे. मधल्या दालनाभोवती पडवी आहे आणि पडवीला बाहेरच्या बाजूने दगडात कोरलेल्या जाळ्या. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख, फरशीवर कवडसे.

भाचीने नवा कॅमेरा घेतला, तेव्हा तिलाही तिथेच नेलं. तिने ऑटोवर पहिला फोटो काढला. पडवी करडी, फिकट आली आणि कवडसे पांढरे फटक, त्यातली दगडाची पोत पार गेलेली.

"मावशी, डोळ्यांना तर असं दिसत नाहीये!"

दिसणारच नाही. कॅमेऱ्यातल्या मीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेला, समोर मकबरा आहे की कोळशाचं गोदाम, हे कळत नाही. जे दिसेल ते सरासरीने मध्यम करड्यावर आणायचं, एवढंच त्याला माहीत. चौकटीत काळोख जास्त असला की ते सगळंच उजळवतं. म्हणून काय राखायचं आणि काय काळं होऊ द्यायचं, ते आपण ठरवायचं. मी तिला स्पॉट मीटरिंग, म्हणजे चौकटीतल्या छोट्याशा ठिकाणापुरता प्रकाश मोजणं, लावून फक्त कवडशावर माप घ्यायला सांगितलं. पडवी काळीभोर झाली, आणि फरशीवरचा नक्षीचा तुकडा न् तुकडा उमटला.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे अ‍ॅपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, आकडे मला फार आवडतात. २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पाठ करायची गरजच नाही, आधीच्या आकड्याला दोनच्या वर्गमुळाने गुणत जायचं. एफ म्हणजे फोकल लेंथ (लेन्सचं नाभीय अंतर) भागिले छिद्राचा व्यास, म्हणून आकडा मोठा तर छिद्र लहान. प्रकाश येतो क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दर पायरीला प्रकाश निम्मा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी हिशेब तोंडी होतो. लख्ख उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि शटर १/१०० सेकंद उघडं, हे जुन्या लोकांचं माप. एफ/८ केलं तर प्रकाश चौपट, म्हणून शटर १/४००. जाळीतून येणारं ऊन त्याहून मंद असतं, तेव्हा तिथून एक-दोन पायऱ्या खाली यायचं, म्हणजे प्रकाश वाढवायचा.

कवडशाकडे नीट पाहा. जाळीलगत त्याच्या कडा रेखीव असतात, फरशीवर लांब पडला की मऊ होतात. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी साधारण अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून अंतर वाढेल तशी सावलीची कड पसरते. फोकस नीट असूनही कड मऊच येणार, लेन्सला दोष देऊ नये.

कॉम्पोझिशन, म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवायचं ते, मी मुद्दाम यानंतर शिकवते. स्क्रीनवरच्या, चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या तृतीयांशाच्या रेघा उपयोगी आहेत, पण उजेड कुठे आहे ते कळल्याशिवाय त्यांत ठेवायचं काय? पडवीत काळोखच चौकट आखून देतो. उभ्याने पाहिलं तर कवडसे नुसते फरशीवर विखुरलेले दिसतात. खाली बसलं की त्यांची ओळ होते, आणि जरा कोपऱ्यात सरकलं की ती ओळ तिरकी जाऊन नजर आत ओढते. मग कुणीतरी जाळीपाशी येईपर्यंत थांबायचं. अर्ध्या चेहऱ्यावर पडलेला तो उजेड कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. अर्थात, विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा टिपायचा नाही.

आता पुढच्या रविवारी किल्ल्यावर, मानमंदिरात. मानसिंह तोमराच्या या महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्स आणि पिवळ्या बदकांची ओळ आहे. सगळी भिंत उजेडात असते, तिथे मीटर फारसं चुकत नाही. प्रश्न एवढाच, की बदकांची ओळ कुठे तोडायची. मला वाटतं, दोन्ही टोकांना ती चौकटीबाहेर जाऊ द्यावी. भाचीला ती बुरुजापाशी संपवायची आहे. दोन्ही काढून बघू म्हटलंय.