डबक्यातले गप्पी

पावसाळा लागला की सकाळी मी आरेतल्या एका तळ्याशी जाऊन बसते. तळं कसलं, डबकंच ते. गोरेगावच्या आमच्या इमारतीपासून चालत वीस मिनिटांवर. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना झाडबेडकाचे पांढऱ्या फेसाचे गोळे लटकतात आणि त्यातून पिल्लं टपटप पाण्यात पडतात. ते बघायला मी छत्री धरून तासभर बसते.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने तिथे पिशवीभर गप्पी मासे सोडले. त्याच्या लेकीला डेंग्यू झाला होता, चार दिवस सलाइनवर होती पोर. "काकू, आता डास जातील," म्हणाला. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पण डेंग्यूचा एडिस डास तळ्यात वाढत नाही. तो वाढतो ड्रममध्ये, जुन्या टायरात, कुंडीखालच्या ताटलीत.

गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याचा भाऊबंद गॅम्बुझिया 1928 साली इटलीमार्गे भारतात आणला, तोही डासांसाठीच. बंद हौदात, कारंज्यात हे मासे कामाचे आहेत, ते मी नाकारत नाही. पण उघड्या पाण्यात त्यांना फक्त डासांच्या अळ्या खा असं कोण सांगणार? गॅम्बुझिया बेडकांची अंडी, पिल्लं खातो, दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो. आपल्याकडे डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा स्थानिक मासा आहे, चतुर नावाच्या कीटकांची पाण्यातली पिल्लं आहेत. तीही डासांच्या अळ्याच खातात. त्यांचा विचार कुणी करत नाही.

आपलं मुंगूसच घ्या. 1872 साली कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. उंदीर तर मारलेच, पण जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरपटणारे प्राणीही सोडले नाहीत. गेलेलं मुंगूस काही परत आणता येत नाही.

यंदा फेसाचे गोळे नेहमीसारखेच होते, पाण्यात बेडूकमासे मात्र तुरळक. एका पावसावरून ठाम बोलू नये, पण मला धास्ती वाटते.

रविवारी शेजारचा मुलगा स्वतःच जाळी घेऊन आला. दोन तासांत बादलीभर गप्पी पकडले आणि सोसायटीच्या कारंज्यात सोडले. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो. पोटाशी काळा डाग असलेल्या दोन गाभण माद्या गवतात निसटल्या.