साडेआठला भरलेली दहाची नोंद

आईला वृद्धनिवासात ठेवायचं ठरलं तेव्हा मी चार ठिकाणं पाहिली, आणि चारही सकाळी अकराच्या सुमाराला. आता वाटतं, वेळच चुकली. अकराला फरशी पुसलेली असते, सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, माणसं खुर्च्यांवर बसवलेली असतात आणि कर्मचारी भरपूर असतात. मी स्वच्छता पाहिली, बाग पाहिली, खोलीतला उजेड पाहिला. रात्री किती जण कामावर असतात, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आई ८२ वर्षांची. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, आधाराशिवाय कुशीवर वळता येत नाही, आणि नुकत्या घडलेल्या गोष्टी विसरते. पाच आठवडे मी नेमाने रविवारी सकाळी जात होते. सहाव्या आठवड्यात कामामुळे जमलं नाही म्हणून मंगळवारी रात्री साडेआठला गेले.

आई उताणी झोपली होती. पाण्याचा पेला पलीकडच्या टेबलावर, बोलावण्याची घंटी उशीमागे पडलेली. पांघरूण सारखं करताना उजव्या टाचेवर लालसर डाग दिसला. माझी एक मैत्रीण परिचारिका आहे, तिने कधीतरी सांगितलेलं आठवलं. बोटाने दाबलं. निरोगी कातडी दाबली की क्षणभर फिकट होते. ती झाली नाही, लालच राहिली. बेडसोअरची, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. कातडी फुटलेली नसते, म्हणून पाहणाऱ्याला काही वाटत नाही, पण हाडाच्या आणि गादीच्या मधे दबून तिथला रक्तपुरवठा तुटायला लागलेला असतो.

पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता होता, दर दोन तासांनी एक रकाना. सहाची सही होती, आठची होती, आणि दहाचीही होती. ‘डावी कूस’ असं लिहून. घड्याळात साडेआठ वाजले होते.

त्या क्षणी खूप संताप आला. तरी ओरडले नाही. कामावर असलेल्या ताईंना बोलावलं, दोघींनी मिळून आईला वळवलं, तिच्या पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी केली. लाल जागा चोळायची नाही, हेही मैत्रिणीचंच सांगणं. चोळल्याने आतला भाग आणखी दुखावतो.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना भेटले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “या वयात असं होतंच.” मला सगळ्यात लागलं ते हे वाक्य. वय झालं म्हणून कातडी नाजूक होते हे खरं, पण जखम होते ती एकाच अंगावर तासन् तास पडून राहिल्यामुळे. मी वाद घातला नाही. आईच्या वजनाच्या आणि औषधांच्या नोंदी, शिवाय अशा जखमेचा धोका मोजल्याचा कागद मागितला.

आई तिथे आली तेव्हा वजन ४८ किलो होतं, महिन्याने ४५. कुणी प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं तर ती धोक्याची खूण मानतात. इथे ६ टक्क्यांच्या वर घटलं होतं आणि आकडा नुसता लिहून ठेवला होता. कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आईची कवळी सैल झाली होती, घास चावताना दुखायचं, म्हणून कुणीतरी ती काढून खणात ठेवली होती. आई मऊ तेवढं खायची आणि बाकी ताटात सोडायची. वजन उतरलं की हिरड्याही बसतात, कवळी आणखी सैल होते.

औषधांत एक झोपेची गोळी वाढली होती, “रात्री हाका मारतात” म्हणून. हाका ती लघवीला जायचं म्हणून मारत होती, घंटी हाताशी नव्हती. गोळीने माणूस सुस्त होतो, हालचाल आणखी कमी होते, आणि उठायला गेला तर पडायची भीती वाढते. टाचेवरचा तो डाग मला तेव्हा खरा कळला. कवळी, गोळी, घंटी, सगळं त्या डागात येऊन मिळालं होतं.

धोका मोजल्याचा कागद कोराच होता. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी यासाठी जगभर वापरतात. संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, स्वतःहून हलणं, खाणं आणि घासलं जाणं, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. एकूण ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त. मुख्य परिचारिकेने माझ्यासमोर मोजले. आईला १४.

मग त्या ताईंशी बोलले. त्यांनी आधी मान खाली घातली, नंतर सरळ सांगितलं. रात्री २६ जणांमागे त्या दोघीच. ११ जणांना वळवावं लागतं, एकेकाला दोघींनी मिळून, कपडे ओले असतील तर बदलून, दहा मिनिटं. म्हणजे ११० मिनिटं. दोन तासांतली उरली दहा, आणि त्यात बाकीच्या १५ जणांच्या घंट्या. “रकाना रिकामा दिसला की आम्हाला बोलतात, म्हणून आधीच भरतो.” माझा राग तिथून हलला. खोटी सही चूकच, पण ती त्यांच्याकडून करवून घेतली जात होती.

मी लेखी दिलं. तक्रार एका परिच्छेदात आणि मागण्या नेमक्या. रात्रीच्या पाळीला तिसरी व्यक्ती, दर आठवड्याला वजन, कवळी बसवून घेणं, गोळीचा डॉक्टरांकडून फेरविचार. उत्तरासाठी मला तीन वेळा जावं लागलं. आईबद्दल एक पान लिहून पलंगाशी लावलं: डाव्या कानाशी बोला, उजव्याने ऐकू येत नाही. पाणी विचारलं की आधी ‘नको’ म्हणते, थोड्या वेळाने परत विचारा, पिते. तिने ३१ वर्षं गणित शिकवलं आहे, वळवताना आकडे मोजले की तीही मोजते.

महिनाभराने तिसरी व्यक्ती आली. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. टाच तीन आठवड्यांत निवळली. वजन ४६ वर आहे, अजून हवं तितकं नाही. मी आता वेळ ठरवून जात नाही.

परवा पहाटे गेले होते. तक्त्यात चारचा रकाना रिकामा होता, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘४ला जमलं नाही. ४.४० ला उजवी कूस. पाणी अर्धा पेला.’